सेवापुस्तकात न उतरलेलं पाणी

२२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. त्या वर्षी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात या कामावर बावीस वर्षांचा एखादा तरुण लागला असेल, तर अठ्ठावन्न वर्षं पूर्ण करून तो २०२४ मध्ये घरी गेला. त्याची छत्तीस वर्षांची नोकरी पूर्ण झाली, प्रकल्प मात्र झाला नाही. ३७२ कोटींचं मूळ अंदाजपत्रक आधी ७ हजार ७०० कोटींच्या पुढे आणि नंतर १८ हजार कोटींच्या पुढे गेलं. २००९ मध्ये केंद्रानं गोसीखुर्दला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला. सरकारं बदलली, मुख्य अभियंते येऊन गेले, ठेकेदार बदलले. जागेवर टिकून राहिला तो खालचा माणूस: मोजणीदार, कालवा निरीक्षक, कालवा चौकीदार, दरवाजांवरचा यंत्रचालक, वायरमन, मुकादम.

त्याच्या सेवापुस्तकात नेमणुकीची तारीख सापडते. वेतनवाढी सापडतात, रजा सापडतात, कधी एखादी ताकीदही सापडते. वैनगंगा कोणत्या साली कशी चढली, नहर कुठं झिरपतो, कोणत्या गावाला पाणी पोचायला किती वेळ लागतो, यातलं काहीच त्यात नसतं. सेवापुस्तकात तसा रकानाच नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ दिलं जातं, दोन भाषणं होतात, उपविभागाच्या कार्यालयात फोटो निघतो. त्यानंतर ती सगळी माहिती माणसासोबत घरी जाते.

हे नुकसान केवढं, हे कळायला आधी धरणाचं काम कसं चालतं ते पाहावं लागेल. गोसीखुर्दची भिंत अकरा किलोमीटरहून लांब आहे. सांडव्यावर ३३ वक्राकार दरवाजे आहेत. एकूण साठा १,१४६ दशलक्ष घनमीटरचा, आणि लाभक्षेत्र भंडारा, नागपूर, चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतलं अडीच लाख हेक्टर. उजवा कालवा ९९ किलोमीटर धावून चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रिटिशकालीन आसोलामेंढा तलावापर्यंत जातो. डावा सुमारे २३ किलोमीटरचा आहे. शिवाय टेकेपार, आंभोरा, नेरला आणि मोखाबर्डी या उपसा सिंचन योजना आहेत. वर्तमानपत्रात ‘इतके दरवाजे अर्ध्या मीटरनं उघडले’ एवढीच ओळ येते. त्या ओळीआधी कुणीतरी दोरांना वंगण घातलेलं असतं, रबरी सील तपासलेलं असतं, वीज गेली तर जनित्र सुरू होईल याची खात्री केलेली असते. मोटरच्या आवाजात जरा फरक पडला तर तो कुणीतरी ओळखायचा असतो. धरणाच्या फुगवट्यावर जलपर्णी वाहत येते, पुरात झाडांचे बुंधे येतात, आणि कन्हानमधून नागपूरच्या नाग नदीचं मैलं पाणीही येतं. देखभालीची पुस्तिका या सगळ्याचा नियम सांगते. अपवाद कुठं आणि कधी होतो, हे मात्र बरीच वर्षं तिथं काढलेलं माणूसच सांगू शकतं.

ऑगस्ट २०२० चा शेवटचा आठवडा भंडारा, ब्रह्मपुरी आणि देसाईगंज-वडसा इथले लोक विसरणं शक्य नाही. मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला. वैनगंगेवर वर सिवनी जिल्ह्यात संजय सरोवर आहे, आणि पेंच-कन्हानकडूनही पाणी येतच होतं. गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले. वर भंडारा शहरात पाणी शिरलं, खाली ब्रह्मपुरी तालुक्यातली नदीकाठची गावं बुडाली. त्यानंतर आंतरराज्य समन्वयावर, पूररेषेवर आणि पूर्वसूचनेवर बरीच चर्चा झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण दोन राज्यांतल्या पाच-सहा धरणांचं पाणी एकाच वेळी निघालं की कोणत्या नाल्यात पाणी उलटं चढतं आणि कोणता रस्ता सर्वांत आधी बंद होतो, हे ज्याला आधीच्या मोठ्या पुरांतून पाठ झालेलं असतं, त्याला त्या चर्चेत फारसं कुणी बोलावलं नाही. तो गट ‘क’ किंवा गट ‘ड’ चा कर्मचारी असतो, आणि बैठकीला वर्ग एकचे अधिकारी असतात.

वरच्या पायरीवरच्या अनुभवाला महाराष्ट्र फार मान देतो. राज्यातल्या सिंचनाची चौकशी करायची वेळ आली तेव्हा, २०१२ च्या अखेरीस नेमलेल्या विशेष तपास पथकाचं अध्यक्षपद डॉ. माधवराव चितळे यांच्याकडे दिलं गेलं. त्यांचा जन्म १९३४ चा. म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी राज्यानं त्यांना हाक मारली आणि त्यांनी काम तडीस नेलं. २०१९ च्या कृष्णाकाठच्या महापुरानंतर अभ्यास समिती नेमायची तेव्हा जलसंपदाचे निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांना बोलावलं. त्याही आधीचं उदाहरण मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदवारी केलेल्या विश्वेश्वरय्यांचं. १९०८ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी ती नोकरी सोडली. त्याच वर्षी मुसी नदीच्या पुरानं हैदराबाद उद्ध्वस्त झालं आणि निजामाच्या दरबारानं त्यांना पाचारण केलं. नव्वदी ओलांडल्यावरही बिहारमधल्या मोकामा पुलाची जागा ठरवण्यासाठी त्यांचा सल्ला घेतला गेला. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश बासष्टीला आणि सर्वोच्च न्यायालयाचे पासष्टीला निवृत्त होतात. अनुभवानं न्यायबुद्धी पिकते, हे त्यामागे गृहीत आहे. धरणाच्या दरवाजावरच्या माणसाची पारख अनुभवानं पिकते, हे मात्र आस्थापनेच्या कोणत्याही नियमात गृहीत धरलेलं नाही.

त्याची नोकरी मुळात नियमात बसवायलाच फार वर्षं गेली. पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांचा कणा पूर्वापार रोजंदारी मजूर हा होता. १९६७ च्या कालेलकर तडजोडीनं त्याला एक वाट मोकळी केली. सलग पाच वर्षं काम झालं की त्याला रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर घ्यायचं. कामगारांच्या तोंडी हे ‘सीआरटी होणं’. ते झालं की पगारश्रेणी, रजा आणि निवृत्तिवेतन मिळे. पण ‘सलग’ या अटीवर सगळं अडकायचं. वर्षात २४० दिवस भरू नयेत म्हणून मध्येच काम थांबवायचं आणि चार दिवसांनी पुन्हा हजेरीपटावर नाव घ्यायचं, अशा कृत्रिम खंडांविरुद्ध औद्योगिक न्यायालयांत वर्षानुवर्षं दावे चालले. ज्याच्या जाणतेपणावर कालवा चालतो, त्याला आपण इथं काम करतो एवढंच सिद्ध करायला हजेरीपटाच्या नकला घेऊन नागपूरच्या फेऱ्या माराव्या लागल्या. ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या सन्मानाविषयी बोलताना हा इतिहास बाजूला ठेवता येणार नाही. काम करत असताना ज्याची दखल घेतली नाही, त्याला निरोपाच्या दिवशी शाल पांघरली म्हणून भरपाई होत नाही.

गोसीखुर्दच्या बाबतीत आणखी एक जखम आहे. ज्यांची गावं बुडाली, त्यांना ही नदी सर्वांत जास्त ठाऊक होती. नदीकाठच्या बांध्या कसणारे कुणबी आणि डोंग्यांवर पोट असलेले ढीवर यांना प्रकल्पग्रस्त म्हणून सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. पण अर्ज जास्त आणि जागा मोजक्या, त्यामुळे वाट पाहता पाहता अनेकांचं वय उलटलं. २०१३ च्या विशेष पॅकेजमध्ये नोकरीऐवजी एकरकमी २ लाख ९० हजार रुपये हा मार्ग आला. प्रकल्पग्रस्तांच्या संघर्ष समितीच्या झेंड्याखाली लोक आजही आपल्या हक्कांसाठी उभे राहतात. त्यांच्यातले आणखी थोडे लोक धरणावर आणि नहरावर कामाला लागले असते, तर खात्याला पगाराच्या यादीवरच नदीची दोन पिढ्यांची आठवण मिळाली असती.

भंडारा जिल्ह्यानं असं नुकसान आधीही एकदा सोसलं आहे, आणि ते आजच्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे.

भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या बोलीतले ‘मामा तलाव’, सहा हजारांहून अधिक आहेत. कोहळी समाजानं पिढ्यान्पिढ्या जमिनीचा उतार वाचून ते बांधले. वरच्या तलावाचं पाणी खालच्याला आणि त्याचं त्याच्या खालच्या बोडीला, अशा साखळ्या केल्या. धान आणि ऊस त्यावर पिकत आले. या व्यवस्थेत पाणकर असे. तुडुम, म्हणजे तलावाची मोरी, कधी उघडायची, कोणत्या बांधीला किती पाणी द्यायचं, रोवणीला आधी कुणाला आणि पऱ्हे वाळत असतील तर मध्येच कुणाला, हे तो ठरवी. मोबदला बहुधा सुगीनंतर धानातच मिळे. त्याच्याकडे पदवी नव्हती आणि पदही नव्हतं, पण गाव त्याचा निवाडा मानत असे. पाणी गावच्या डोळ्यांसमोर वाटलं जाई, आणि चूक झाली तर त्याला दुसऱ्या दिवशी त्याच माणसांच्या दारावरून जावं लागे.

१९५० च्या, तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्याच्या कायद्यानं मालगुजारी गेली. १९५१ पासून तलाव सरकारकडे आले. शंभर हेक्टरांपर्यंतचे पुढे जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. जमीनदारी जाणं न्यायाचंच होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण मालगुजारासोबत पाणकरही गेला. तलावाची मालकी बदलताना त्याच्या देखभालीचं ज्ञान नव्या व्यवस्थेत कुठं ठेवायचं, हे कुणी ठरवलं नाही. पाणीपट्टी आणि निस्तार हक्कांचे वाद सुरू झाले. गाळ साचला, पाळी खचल्या, बेशरमाची झुडपं माजली, तलावाच्या पोटात अतिक्रमणं झाली. अनेक वर्षांनंतर मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी अर्जुनी मोरगाव परिसरात तलाव पुन्हा जिवंत करायला घेतले. त्यांना वाट दाखवली ती ढीवर समाजातल्या जाणत्या माणसांनी. कोणती पाणवनस्पती लावली तर कोणता देशी मासा परत येतो, हे त्यांना माहीत होतं. एकदा तुटलेलं ज्ञान पुन्हा जोडायला किती मेहनत पडते, ते या कामात दिसतं. सगळीकडे असं जोडणारं कुणी भेटत नाही.

आता गोसीखुर्दच्या कालव्यांवर तीच वेळ येते आहे. २००५ च्या कायद्यानं सिंचनाचं व्यवस्थापन पाणी वापर संस्थांकडे द्यायचं ठरवलं. अलीकडे उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नलिकेतून पाणी देण्यावर भर आहे. जमिनीचं संपादन कमी होतं, गळती कमी होते, फायदे खरे आहेत. सोबत कामाचं स्वरूपही बदलतं. पाणीमागणीचे नमुना ७ चे अर्ज गोळा करणारा, शेजपाळीनं पाणी फिरवणारा, रात्री बॅटरी घेऊन फुटलेला नहर शोधणारा चौकीदार आता व्हॉल्व्ह आणि दाबाची भाषा शिकतो आहे. वय झालेला माणूस नवं शिकत नाही, ही समजूत धरणांवर तरी टिकत नाही. याच माणसांनी तारेचे निरोप, बिनतारी संदेश, दूरध्वनी आणि व्हॉट्सअॅपचा गट असे सगळे टप्पे एकाच नोकरीत पार केले आहेत.

जर्मनीतल्या डिंगोल्फिंगच्या बीएमडब्ल्यू कारखान्यात २००७ साली वय वाढलेल्या कामगारांसाठी एक प्रयोग झाला. दहा वर्षांनी कामगारांचं सरासरी वय ४७ होणार, असा अंदाज होता. म्हणून तेवढंच सरासरी वय असलेली माणसं घेऊन एक उत्पादन-रांग उभारली आणि काय बदल हवेत ते त्यांनाच विचारलं. लाकडी फरशी, बसायला खुर्च्या, वाचायला मोठी अक्षरं, भिंगं, कामांची अदलाबदल असे लहानसहान सत्तर बदल झाले. खर्च किरकोळ आला आणि वर्षभरात त्या रांगेची उत्पादकता सात टक्क्यांनी वाढली. पंचावन्नच्या माणसाला धरणावर काय लागतं, हे विचारायलाही फार खर्च नाही: जिन्याला धड कठडा, सांडव्याच्या पुलावर पुरेसा उजेड, नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर मराठी आणि मोठी अक्षरं, पुराच्या रात्री सलग दोन पाळ्या लागणार नाहीत एवढी माणसं.

वर्षं भरली म्हणजे माणूस जाणता झाला, असं नाही, हेही स्पष्ट लिहायला हवं. गोसीखुर्दच्या डाव्या कालव्याचं अस्तरीकरण निकृष्ट निघालं आणि पुन्हा करावं लागलं. तेव्हा त्या कामावर अनुभवी माणसांची कमतरता नव्हती. २०१२ मध्ये नाशिकच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेतले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचनातल्या गैरप्रकारांविषयी थेट राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. तेही ज्येष्ठच होते. ज्या खात्यात लांब नोकरीनं काहींना सावध गप्प बसायला शिकवलं, त्याच खात्यात तिनं एकाला बोलायचं बळ दिलं. म्हणून ज्येष्ठतेच्या यादीकडे बोट दाखवणं पुरेसं नाही. कोण काय जाणतो, हे खालच्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना विचारलं तर सोबत शिकवायला कुणाला ठेवायचं हे ठरवणं कठीण जाणार नाही.

२०२३ च्या अखेरीस जलसंपदा विभागानं ४,४९७ पदांची जाहिरात काढली. त्यात १,१८९ पदं एकट्या कालवा निरीक्षकांची होती. बऱ्याच वर्षांनी निघालेली ही मोठी भरती, आणि तिचं स्वागतच करायला हवं. ही मुलं हुशार आहेत, लाखोंच्या स्पर्धेतून आलेली आहेत. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. मधली कित्येक वर्षं पदं रिकामी राहिली. त्यामुळे पस्तीस-चाळीसच्या वयाचा, जुन्याकडून घेऊन नव्याला देणारा मधला माणूसच विरळ झाला आहे. पद रिकामं झाल्याशिवाय भरता येत नाही, म्हणून जाणारा आणि येणारा एकत्र नहरावरून चालतच नाहीत. कार्यभार हस्तांतरणात किल्ल्या, नोंदवह्या आणि साहित्याची यादी दिली-घेतली जाते. शंभर-शंभर मीटरवर थांबून ‘इथं खेकडे भराव पोखरतात’ असं सांगायला त्यात वेळच ठेवलेला नाही.

जपानमधल्या इसे इथलं देवालय दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात. बासष्टावी बांधणी २०१३ मध्ये झाली. वीस वर्षांच्या या अंतरामुळे एका बांधणीतला उमेदवार पुढच्या बांधणीत कारागीर होतो आणि त्यापुढच्या बांधणीत शिकवणारा. कुणीही एकटा शिकत नाही आणि कुणीही न शिकवता निघून जात नाही. गोसीखुर्दला देवालयाचं पावित्र्य नको. पण जाणाऱ्या आणि येणाऱ्याची सहा महिने गाठ पडावी, एवढी सोय तरी हवी.

त्यासाठी नवं काही शोधायचीही गरज नाही. निवृत्त कर्मचाऱ्यांना करारानं घेण्याचा शासन निर्णय १७ डिसेंबर २०१६ चा आहे. पण त्यानं निवृत्ताला रिकाम्या पदाचं काम मिळतं, म्हणून बेरोजगार तरुणांच्या संघटना त्याला विरोध करतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. ज्या तालुक्यात प्रकल्पग्रस्ताचा मुलगा नोकरीची वाट बघत बसला आहे, तिथं निवृत्ताला त्याच खुर्चीवर पुन्हा बसवणं अन्यायाचंच ठरेल. पण अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्तीच्या, पदाची कल्पना शासनाला परकी नाही. जातीचा दावा अवैध ठरलेल्या हजारो कर्मचाऱ्यांसाठी डिसेंबर २०१९ मध्ये तशी पदं निर्माण केली गेली. मग शिकवण्यासाठी, ठरावीक मुदतीचं, नव्या माणसाच्या जागेला धक्का न लावणारं अधिसंख्य पद पूरनियंत्रण आणि कालव्यांसाठीही काढता येईल. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं प्रत्येक धरणावर देखभालीची पुस्तिका आणि नोंदवही ठेवणं बंधनकारक केलं आहे. जुन्या माणसाची तोंडी माहिती त्या नोंदवहीत त्याच्या नावानिशी उतरवून घेतली, तर कायद्याचं पालनही होईल आणि ती कुणी दिली, हेही कागदावर राहील.

भंडारा जिल्ह्यातल्या दुसऱ्या मोठ्या कामाच्या ठिकाणीही वारं असंच फिरलं आहे. १९६४ मध्ये सुरू झालेला जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेला. जुने कामगार मानीव प्रतिनियुक्तीवर राहिले आणि मुदतवाढीवर मुदतवाढ येत गेली. स्फोटकांच्या कामात हाताला लागलेली सवय म्हणजे जिवाची हमी. ती नव्या हातांत जाईपर्यंत जुन्यांना भविष्याची खात्री असणं, हा सुरक्षिततेचाच भाग आहे.

गोसीखुर्दचं काम तर पुढे वाढणारच आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. इथलं पाणी ४२६ किलोमीटरच्या जोडकालव्यातून बुलढाण्यापर्यंत न्यायचं, खर्च सुमारे ८७ हजार कोटी. त्यात बोगदे आणि पंप यांचा हिशेब झाला आहे. एवढ्या लांबीवर रात्री-अपरात्री फिरणारी माणसं कोण घडवणार, हेही आजच ठरवावं लागेल, कारण घडवू शकणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

ती कमी कधी होतात, हेही पाहण्यासारखं आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजे जन्मतारीख १ जून लिहिली, असे लोक या पिढीत असंख्य आहेत. महिन्याच्या पहिल्या तारखेचा जन्म असला की निवृत्ती आदल्या महिन्याच्या अखेरीस होते. म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी राज्यभर निरोपसमारंभांची रांग लागते. विदर्भात पाऊस येतो जूनच्या मध्यावर. म्हणजे पूर पाहिलेली माणसं धरणावरून नेमकी पावसाच्या पंधरा दिवस आधी बाहेर पडतात. निदान दरवाजे, पूरनियंत्रण कक्ष आणि मुख्य कालवे इथल्या कर्मचाऱ्यांपुरती ही तारीख ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे नेता येईल. मोजक्या माणसांचा पाच महिन्यांचा पगार, एवढाच त्याचा खर्च. तोवर पूर ओसरलेला असतो, धानाच्या शेवटच्या पाळीचं पाणी सुटलेलं असतं, आणि नव्या कालवा निरीक्षकानं जुन्याच्या सोबतीनं एक अख्खा पावसाळा पाहिलेला असतो.